सौर पॅनेल उभी करावीत काय?

सौर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून तिरपी मांडायची असतात, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु अलीकडे दोन्ही अंगांनी वीज देणारी पॅनेल निघाली आहेत. ती कुंपणासारखी सरळ उभी करावीत, एक तोंड पूर्वेला व दुसरे पश्चिमेला, असा विचार पुढे आला आहे. जर्मनीत डोनाउएशिंगनजवळ 2020 साली अशा उभ्या रांगांचा 4.1 मेगावॉटचा प्रकल्प झाला. मग आपल्याकडे का नको?

हा प्रश्न मला विचारला तो भोपाळच्या काकांनी. सीहोरकडे त्यांची सहा एकर काळी जमीन आहे, शरबती गव्हाची. ती सारी सौर विजेसाठी भाड्याने द्या, असा लकडा एकाने त्यांच्यामागे लावला आहे. दोन तोंडे म्हणजे दुप्पट वीज, अशी काकांची समजूत. ती मात्र खरी नव्हे.

भोपाळ कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. जूनमध्ये तेथे माध्यान्हीचा सूर्य अगदी माथ्यावर येतो, आणि ऐन डिसेंबरातही 43 अंश वर असतो. त्या जर्मन गावी डिसेंबरात तो जेमतेम 18-19 अंश चढतो. (आपल्या बेळगाव-निपाणीकडे तर अक्षांश 16 च्या आसपास, म्हणजे सूर्य आणखीच वर.) भोपाळच्या घड्याळात सरासरी 12 वाजून 20 मिनिटांनी माध्यान्ह होते. त्या वेळी पूर्व-पश्चिम तोंडाच्या उभ्या पॅनेलवर थेट ऊन पडतच नाही. किरण कडेला घासून निघून जातात. दिवसातले सर्वांत कडक ऊन असे वाया जाते. हिवाळ्यात, नेमके गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत, सूर्य दक्षिणेला कललेला असल्याने उभे पॅनेल तिरप्याच्या फारच मागे पडते. शिवाय काळी माती ऊन परत फेकत नाही, गिळते. तेव्हा वर्षाच्या एकूण युनिटांत उभे पॅनेल येथे हरणार, हे उघड आहे. ज्याला गच्चीवर मांडायचे आहे त्याने खुशाल तिरपेच मांडावे.

तरीही मी उभ्या पॅनेलच्या बाजूचा आहे. नुसती युनिटे मोजून हा प्रश्न सुटत नाही. वीज कोणत्या वेळी मिळते तेही पाहिले पाहिजे. सगळी तिरपी पॅनेल दुपारी एकदमच वीज ओततात. 2023 च्या केंद्रीय नियमांनी उन्हाच्या तासांतली वीज नेहमीपेक्षा स्वस्त ठेवायला सांगितले, ते उगाच नव्हे. उभे पॅनेल सकाळी आठ-नऊला आणि दुपारी चार-पाचला भर देते. दिवेलागणीनंतरची गरज ते भागवणार नाही, हे मान्य. पण हवा निवलेली असताना पॅनेल कमी तापते, आणि एप्रिल-मेची धूळ उभ्या काचेवर फारशी टिकत नाही. धुण्याचे पाणी वाचते, ही भोपाळकडच्या उन्हाळ्यात लहान गोष्ट नव्हे!

सर्वांत मोठी गोष्ट जमिनीची. रेवाचा 750 मेगावॉटचा प्रकल्प बव्हंशी पडीक जमिनीवर झाला. सीहोर-रायसेनची गव्हाची जमीन तशी नाही. तेथे तिरप्या पॅनेलची चादर पसरली की नांगर थांबला. उभ्या रांगांमध्ये मात्र आठ-दहा मीटर अंतर ठेवले तर ट्रॅक्टर सहज चालतो. रांगेलगतच्या पिकाला सकाळ-संध्याकाळ सावली लागेल, थोडा उतारा घटेल. मला तो सौदा शेत भाड्याने देण्यापेक्षा बरा वाटतो.

अडचण खरी आहे ती खांबांची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वळवाच्या वाऱ्यापुढे ही काचेची भिंत म्हणजे शीडच. पाया खोल हवा, आणि तो स्वस्तात होत नाही. काकांच्या शेतात उत्तर-दक्षिण जाणारे बांध दोनच आहेत. त्यांतल्या एकावर आधी दहा पॅनेल लावून एक पावसाळा काढावा आणि तोवर भाडेपट्ट्यावर सही करू नये, असे मी त्यांना कळवले आहे.