तिकिटावरचे तीन तास

उमराहला निघालेले आमचे खालू तिकीट पाहून खूश झाले. “मुंबईहून दहाला सुटून एकला जिद्दा! तीनच तास!” एहरामच्या चादरी त्यांनी मोठ्या बॅगेत भरल्या होत्या. उतरल्यावर नेसू, म्हणाले.

आम्ही समजावले, तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. म्हणजे प्रवास साडेपाच तासांचा, अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. येताना मात्र तिकिटावरच्या तासांतून अडीच वजा करायचे.

आणि मीकात उतरण्याआधी, विमानातच येते. त्याआधी एहराम आणि नियत हवी. मोठी बॅग तर जिद्द्यालाच मिळणार! खालूंनी मुकाट्याने चादरी हातातल्या पिशवीत घेतल्या. तुम्हीही घ्या.