ना पोटात, ना डोक्यावर

वाढवण बंदराजवळ मुंबईसाठी तिसरा विमानतळ, असा प्रस्ताव राज्याच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात आला आणि पालघर-बोईसरच्या गप्पांना पंख फुटले. विमानतळ होईल तेव्हा होईल. तूर्त इथला माणूस डहाणूकडून येणारी लोकल धरतो, अंधेरीला उतरतो आणि रिक्षाने विमानतळ गाठतो. पाठीवर कॅमेऱ्याची बॅग असेल तर ती या गर्दीतूनही बहुधा धडधाकट पोहोचते. तिचे ग्रह फिरतात ते पुढे, चेक-इनच्या काट्यावर.

शिरगावचा किनारा, सुरूची झाडे आणि जुन्या किल्ल्याचा तट म्हणजे प्री-वेडिंगवाल्यांची हक्काची जागा. इथे जोडप्यांना हसवून हात बसलेल्या फोटोग्राफरांना आता गोव्याच्या, उदयपूर-जयपूरच्या लग्नांचीही कामे मिळतात. लग्नघर विमानाचे तिकीट काढून देते. बॅगेच्या वजनाची काळजी ज्याची त्याने करायची. दोन बॉडी, २४-७० आणि ७०-२०० अशा दोन लेन्स, फ्लॅश, चार्जर, वर लॅपटॉप. हे सारे चांगल्या जाड अस्तराच्या बॅगेत भरले की काटा नऊ-दहा किलोंवर जातो. देशांतर्गत विमानात साधारण प्रवाशाला केबिनमध्ये एकच बॅग नेता येते, तीही सात किलोंची.

मग काउंटरवरून सूचना येते, ‘सर, चेक-इन करून टाका.’ त्याच कंपनीच्या नियमावलीत लिहिलेले असते की नाजूक व मौल्यवान वस्तू चेक-इन करू नयेत, केल्यास जबाबदारी प्रवाशाची. म्हणजे वजनामुळे वर नेता येत नाही आणि नाजूकपणामुळे खाली टाकता येत नाही. शिवाय सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटात न्यायला पूर्ण बंदी. त्या केबिनमध्येच हव्यात, टोके झाकलेल्या हव्यात आणि १०० वॅट-तासांच्या आत हव्यात. त्यापुढे १६० पर्यंतच्या दोनच, त्याही परवानगीने. हा नियम मात्र रास्त आहे. खाली बॅटरीने पेट घेतला तर विझवायला कोण जाणार? तेव्हा काउंटरसमोर फरशीवर बसून बॅग उघडायची, बॅटऱ्या वेचून खिशात भरायच्या आणि लेन्स दोन टी-शर्टांत गुंडाळून देवाच्या हवाली करायच्या. मागची रांग हे सारे मोठ्या आवडीने पाहत असते.

काटा चुकवून पुढे गेलात म्हणून सुटलात असेही नाही. विमान एटीआर निघाले तर डोक्यावरचे कप्पे अरुंद. पायऱ्यांशी उभा असलेला कर्मचारी गोड हसून बॅगेला चिठ्ठी बांधतो आणि ती खाली रवाना करतो. त्या घाईत बॅटऱ्या काढायच्या राहिल्या तर नियम मोडला तो आपण.

‘फ्रॅजाइल’ लिहिलेला लाल स्टिकर मागून घेता येतो. त्याने मनाला बरे वाटते. त्याच्याबरोबर कधी कधी एका टॅगवर सहीही घेतात, ‘लिमिटेड रिलीज’. मराठीत सांगायचे तर, फुटले तर आम्ही नाही. सामान हरवले किंवा मोडले तर देशांतर्गत प्रवासात कंपनीची जबाबदारी माणशी २० हजार रुपयांपर्यंत. चांगल्या कंपनीची नवी ७०-२०० लेन्स दीड-दोन लाखांची. एवढ्या भरपाईत तिचा पुढचा भिंगाचा गट बदलून मिळाला तरी नशीब म्हणायचे.

त्यातून लेन्सचे दुखणे लगेच दिसतही नाही. बाहेर ओरखडा नसतो, झाकण नीट बसते, मोटरही फिरते. आत एखादे भिंग केसभर सरकलेले असते. ते कळते लग्न लागल्यावर, मोठ्या स्क्रीनवर फोटो पाहताना. नवरी सुस्पष्ट आणि शेजारची वरमाय कायमची धूसर! वरमायला ते पटवून देणे हे विमान कंपनीशी भांडण्याहून अवघड काम.

रडगाणे आपल्याकडचेच आहे असे नाही. कॅनडाचे गायक डेव्ह कॅरोल यांची गिटार २००८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात शिकागोत मोडली. कित्येक महिने पत्रव्यवहार करून दमल्यावर त्यांनी २००९ मध्ये त्यावर गाणेच केले, ते जगभर लाखोंनी पाहिले आणि मग कंपनीला भरपाई आठवली. आपल्या फोटोग्राफरने गावे काय? उलट आपल्या चित्रपटाचे नशीब बलवत्तर. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनमध्ये घेतलेला विल्यमसन कॅमेरा बोटीने आला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर दिसला.

पोटापाण्याची हत्यारे नेणाऱ्याला जादा पैसे भरून का होईना, केबिनमध्ये दोन-तीन किलोंची खात्रीची सवलत मिळावी, एवढी मागणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ऐकायला हरकत नाही. पुढे बसायला जादा पैसे, खिडकीला जादा पैसे, सँडविचला जादा पैसे घेणाऱ्या कंपन्यांना हा हिशेब शिकवावा लागणार नाही.

तोवर फोटोग्राफर मंडळींनी एवढे करावे. उपकरणांचा विमा उतरवताना विमानप्रवासातले नुकसान त्यात धरले आहे का, ते वाचून पाहावे. निघण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचा नंबरासह फोटो काढून ठेवावा. आणि बॅग पट्ट्यावरून उचलल्यावर तिथेच उघडून, एक-दोन फोटो काढून लेन्स तपासावी. काही बिघडले असेल तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर लेखी नोंद करून प्रत घ्यावी. चेक-इन सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार करायला सामान हाती आल्यापासून सातच दिवस मिळतात, आणि लग्नाच्या सीझनमध्ये सात दिवस कधी सरले ते कळत नाही.