शुक्राणूंची दाई

घरात पाळणा हलत नाही म्हणून तपासण्यांची वेळ येते, तेव्हा पुरुषाच्या बाबतीत सारी चर्चा शुक्राणूंच्या संख्येभोवती फिरते. (तीही स्त्रीच्या सर्व तपासण्या आटोपल्यावर. हा क्रम आपल्याकडे अजूनही उलटाच आहे.) हे शुक्राणू ज्यांच्या कुशीत वाढतात, त्या पेशींचे नाव मात्र क्वचितच निघते. आज त्यांच्याविषयी लिहावयाचे आहे, कारण त्यांना जपण्याचा काळ लग्नानंतरचा नसून पाळण्यातला आहे.

वृषणात अतिशय बारीक, नागमोडी नलिकांची दाट गुंतवळ असते. या नलिकांच्या भिंतीत तळापासून आतल्या पोकळीपर्यंत पोहोचणाऱ्या उंच पेशी असतात. १८६५ साली एन्रिको सर्टोली या तरुण इटालियन संशोधकाने त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या सर्टोली पेशी. गोलसर बीजपेशी त्यांच्या अंगाला बिलगून तळाकडून आत सरकत जाते आणि सुमारे अडीच महिन्यांत तिचा शेपटीधारी शुक्राणू होतो. या काळात तिला अन्नरस पुरवणे, तिने टाकलेला कचरा गिळून टाकणे, ही कामे सर्टोली पेशी करतात. मेंदूतील पीयूष ग्रंथीचा संदेश आणि पुरुष-संप्रेरक टेस्टोस्टेरॉन यांचा हुकूमही प्रथम त्यांनाच पोहोचतो. शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे. बाहेरून संप्रेरक आले की पीयूष ग्रंथी गप्प बसते, वृषणातील स्वतःचे टेस्टोस्टेरॉन घटते आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावते किंवा थांबते.

या पेशींचे आणखी एक काम विलक्षण आहे. शुक्राणू प्रथम तयार होतात ते मुलगा वयात आल्यावर. शरीराच्या संरक्षक पेशींनी तोवर त्यांना कधीच पाहिलेले नसते, त्यामुळे परके समजून त्या त्यांच्यावर तुटून पडतील. शेजारशेजारच्या सर्टोली पेशी एकमेकींना घट्ट सांधून मध्ये जणू कुंपण घालतात आणि हा धोका टाळतात. वाढ पुरी झाली की शुक्राणूला सोडून देणे हेही त्यांच्याच हाती असते. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. नफिसा बालसिनोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सुटकेच्या टप्प्याचा उंदरांवर अभ्यास केला आहे.

एक सर्टोली पेशी एका वेळी मोजक्याच बीजपेशी सांभाळू शकते. पोलादपूर तालुक्यातील डोंगरावरच्या कुडपणसारख्या गावात भाताची रोपे किती होणार, हे राब भाजून तयार केलेल्या तुकड्याच्या आकारावरूनच ठरते. तसेच इथेही आहे. या पेशींची संख्या गर्भात, तान्हेपणी आणि वयात येण्याच्या सुमारास वाढते. पुढे ती वाढ थांबते. प्रौढपणीची कोणतीही गोळी, कोणताही पाक तो तुकडा मोठा करू शकत नाही.

म्हणूनच तान्ह्या मुलाचे वृषण जागेवर आहेत की नाहीत, हे पाहणे महत्त्वाचे. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांपैकी सुमारे तिघांत जन्मतः एक वृषण किंवा दोन्ही खाली उतरलेले नसतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण बरेच अधिक असते. वृषणकोशाचे तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असते. पोटाच्या किंवा जांघेच्या उबेत अडकलेल्या वृषणात बीजपेशी हळूहळू नष्ट होतात आणि सर्टोली पेशींचीही वाढ बिघडते. पुढे त्या वृषणात कर्करोगाचा धोकाही वाढतो.

पुष्कळ बाळांत पहिल्या काही महिन्यांत वृषण आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतर मात्र ती आशा फारशी उरत नाही. शस्त्रक्रिया वर्षाच्या आत, उशिरात उशिरा दीड वर्षापर्यंत व्हावी. आणि नेमके याच वेळी ‘मोठा झाला की उतरेल’ असे घरातील जाणती माणसे सांगतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण वय निघून जाते.

पाहण्याची उत्तम वेळ बाळाच्या आंघोळीची. कोमट पाण्याने अंग सैलावलेले असते, बाळ शांत असते. न्हाऊ घालणाऱ्या आजीने बोटांच्या हलक्या स्पर्शाने दोन्ही बाजूंस लहानशी गोळी लागते का, ते पाहावे. ओढू किंवा चोळू नये. थंडीत वर सरकणारे आणि ऊब मिळताच खाली येणारे वृषण बहुधा निरोगी असतात, तरी वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवावेत. गोळी कधीच लागत नसेल, तर लसीकरणाच्या दिवशी परिचारिकेला किंवा अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाला तसे स्पष्ट सांगावे. लाजू नये. सोनोग्राफीसाठी थांबण्याची गरज बहुधा नसते, अनुभवी हाताची तपासणी अधिक उपयोगाची.

कुडपणहून घाट उतरून पोलादपूर, तेथून महाड, प्रसंगी मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयापर्यंत जावे लागेल. शेतीची कामे आटोपल्यावर जाऊ, असा विचार करणाऱ्यांनी बाळाचे महिने आधी मोजावेत. भातलावणीत सहा महिन्यांचे असलेले बाळ होळीला चौदा महिन्यांचे झालेले असते.