सायलेन्सर कापण्याआधी

कॉलेजच्या पार्किंगमध्ये रोज शेकडो गाड्या सुरू होतात, कुणी ढुंकूनही बघत नाही. पण त्यात एखादी आरएक्स हंड्रेड असली आणि तिला किक बसली, की कट्ट्यावरचं बोलणं मध्येच थांबतं. 'काय फायरिंग आहे यार!' मागे निळसर धूर, नाकात जळक्या ऑइलचा वास. गंमत बघा, ही गाडी बनायची थांबली 1996 मध्ये. तुमच्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरी जीव अडकतो तो अडकतोच. घरी विषय काढून बघा. बाबांची येझदी, काकांची राजदूत, आडवी करून किक मारायची ती आजोबांची चेतक, असं अख्खं खानदान बाहेर येईल. सगळ्या टू-स्ट्रोक.

पण ज्या आवाजावर आपण फिदा आहोत, तो नेमका कसला आवाज आहे?

तुमच्या आजच्या फोर-स्ट्रोक गाडीत पिस्टन दोनदा खाली-वर होतो तेव्हा एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये तो दर फेरीला व्हायचा. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सिलिंडरच्या भिंतीला भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणायचं, आणि पिस्टनच येता-जाता ती उघडतो आणि झाकतो. एवढाच कारभार! म्हणून तर 98 सीसीच्या, शंभरेक किलो वजनाच्या आरएक्समधून 11 अश्वशक्ती निघायची. त्याच 1985 साली आलेली फोर-स्ट्रोक सीडी हंड्रेड लिटरला 80 किलोमीटरच्या गोष्टी करत होती आणि आरएक्सवाला सिग्नल सुटताच दिसेनासा होत होता.

या साधेपणाचा हिशेब मात्र चुकता करावा लागतो. जळालेला वायू बाहेर जात असतानाच नवं मिश्रण आत येतं, म्हणजे येण्याजाण्याची दोन्ही दारं एकाच वेळी उघडी. थोडं कोरं पेट्रोल न जळताच थेट सायलेन्सरमध्ये. क्रँककेस हीच मिश्रणाची वाट, त्यामुळे तिथे वेगळं ऑइल भरून ठेवता येत नाही. ते पेट्रोलसोबतच आत जातं आणि जळतं. चेतकवाले पंपावर लिटरमागे 20 मिली टू-टी ऑइल टाकून घ्यायचे ते यासाठीच. आणि गाडी उभी असताना येणारा तो 'टण... टण-टण... टण'? कमी रेजवर जुना वायू पुरता बाहेर पडत नाही, म्हणून ठिणगी पडूनही दर वेळी पेट घेत नाही. आपण ज्याला फायरिंग म्हणतो, त्यात हुकलेली फायरिंगच जास्त असते.

मग पळून जाणारं ते पेट्रोल परत कसं आणायचं? यावर सगळ्यात भारी डोकं चालवलं पूर्व जर्मनीतल्या वॉल्टर काडेन या इंजिनिअरने. महायुद्धात रॉकेटच्या कामावर असलेला हा माणूस पुढे एमझेड कंपनीत रेसच्या गाड्या बनवू लागला. एक्झॉस्टचा पाइप आधी रुंद होत जाणारा आणि मग निमुळता केला, तर आवाजाची लाट त्या निमुळत्या टोकावर आपटून मागे फिरते आणि बाहेर निसटलेलं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. या युक्तीवर त्याने 1961 पर्यंत 125 सीसीतून 25 अश्वशक्ती काढली. त्याच वर्षी त्याचा रेसर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला, ही विद्या सुझुकीला मिळाली आणि 1962 मध्ये डेग्नरने सुझुकीवर 50 सीसीचं विश्वविजेतेपद मारलं. पिक्चर काढावा अशी स्टोरी आहे.

ही सगळी कथा सांगायचं कारण तुमच्या गल्लीतच आहे. जुनी टू-स्ट्रोक हातात आली की आपली पोरं पहिलं काम काय करतात? सायलेन्सरची जाळी काढतात, नाहीतर सरळ पाइप कापतात. अरे, टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनचाच भाग आहे! लाट परत फिरवणारा आकार कापलात, तर आवाज वाढतो आणि ताकद घटते. शेजारचं तान्हं बाळ दचकून उठतं ते वेगळंच.

या गाड्या पुन्हा हजारोंनी रस्त्यावर याव्यात, असं आम्हाला अजिबात वाटत नाही. 2000 सालच्या प्रदूषण नियमांनंतर त्या मागे पडल्या ते बरंच झालं. तेव्हा सिग्नलला रुमाल नाकाला लावून उभं राहिलेल्यांना विचारा. पण घरात एखादी असेल, कागदपत्रं धड असतील, तर ती भंगारात घालू नका आणि रीलसाठी पिळूही नका. उघडून बघा. चार पाने आणि एक रविवार मिळाला तर हेड, सिलिंडर, पिस्टन सगळं टेबलावर येतं. इंजिनचे पुस्तकातले आडवे छेद पाठ करून पेपर देणाऱ्यांनी तर नक्कीच.

धीर होत नसेल तर नुसता प्लग काढा. इंजिन थंड होऊ द्या, प्लगचा पाना लावा आणि टोकाचा रंग बघा. चॉकलेटी असेल तर गाडी खूश आहे. काळा, ओलसर असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त जातंय. पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय. मग लाँग राइडचा बेत रद्द करा आणि आधी कार्बोरेटर खोला.