त्वचा मोजणारा न्याय

नागपुरात १२ वर्षांच्या मुलीला पेरूचे आमिष दाखवून घरात नेणाऱ्याला सत्र न्यायालयाने 'पोक्सो'खाली ३ वर्षांची सजा दिली. त्याने अपील केले. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने मुलीचे म्हणणे खरे मानले. पण हात कपड्यांवरून लागला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून हा लैंगिक हल्ला नव्हे, नुसता 'विनयभंग', सजा १ वर्ष! म्हणजे मुलगी खरी, पण तिचे कपडेच आरोपीचे साक्षीदार! हल्ला होतो तो शरीरावर की 'विनया'वर? आणि हा निकाल देणारी न्यायाधीश स्त्रीच होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला: महत्त्वाचा हेतू, त्वचा नव्हे. तेव्हा सजा झाली म्हणून निर्धास्त राहू नका. अपिलाच्या तारखांनाही कोर्टात हजर राहू या!