लाल रंग एकाच जागी वापरा

बोर्ड करायला टाकताना, लेबल छापताना, व्हॉट्सॲपवर ऑफरची इमेज बनवताना आपल्याकडचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "लाल टाका, भडक टाका, लांबून दिसलं पाहिजे." डिझाइनवाला बिचारा ऐकतो. दुकानाचं नाव लाल, पत्ता लाल, फोन नंबर लाल, मागे पिवळं, आणि कोपऱ्यात चांदणीच्या आकारात "५० टक्के सूट", तीही लालच. मग तो बोर्ड अशा बाजारपेठेत लागतो, जिथे आजूबाजूचे सगळे बोर्ड याच पद्धतीने झालेले असतात.

माझं मत सरळ आहे. एका बोर्डावर किंवा एका लेबलवर भडक लाल एकाच जागी यावा. आणि जी गोष्ट गिऱ्हाइकाला कळलीच पाहिजे, ती नुसत्या लाल रंगाच्या भरवशावर सोडू नये.

लालपरी लांबून ओळखू येते, कारण तिच्या आजूबाजूला रस्ता, झाडं, डोंगर असतात. पोस्टाच्या पेटीचंही तेच. लाल रंगाची ताकद शेजारच्या रंगावर अवलंबून असते. तुमच्या लेबलवर ब्रँडचं नाव, वजन, किंमत, "शुद्ध घरगुती" असं सगळंच लाल असेल, तर नजर नेमकी कुठे थांबणार?

आता वाचता येण्याचं बघू. इथे थोडे आकडे लागतील. दोन रंगांतल्या उजेडाच्या फरकाला कॉन्ट्रास्ट म्हणतात. वेबसाइट सगळ्यांना वाचता यावी म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यात बारीक अक्षरांसाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट मागितलाय. मोबाइलवरचा एकदम भडक लाल, म्हणजे आरजीबीमध्ये २५५, ०, ०, पांढऱ्यावर टाकला तर साधारण ४ ला १ येतो. म्हणजे दुकानाचं नाव चालेल, खालची बारीक ओळ नापास. उलटं, लालवर पांढरी अक्षरं घेतली तरी आकडा तोच. पिवळ्यावर लाल त्याहून कमी, साधारण ३.७. हळद-कुंकवाची जोडी आपल्याला प्रिय आहे, मान्य. मोठ्या अक्षरात जरूर वापरा, पण त्यात पत्ता लिहू नका. गडद हिरव्यावर भडक लाल म्हणजे तर जेमतेम १.३, वाचायचं विसराच.

उपाय मात्र फुकटातला आहे. लाल जरा गडद करा. २०४, ०, ० घेतला की पांढऱ्यावर ५.९ च्या आसपास जातो, आणि गिऱ्हाइकाला तो लालच वाटतो. इंटरनेटवर "कॉन्ट्रास्ट चेकर" शोधलंत तर दोन रंग टाकून आकडा लगेच मिळतो.

आपल्या लिपीत हा प्रश्न आणखी अवघड होतो. इंग्रजीतलं अक्षर थोडं धूसर झालं तरी अंदाज येतो. देवनागरीत अनुस्वार, रफार, वेलांटी आधी गायब होतात. "मसाले" आणि "मसाला" लांबून वेगळं दिसायला हवं ना? संध्याकाळी, बोर्डावर लाइट नसेल तर अजून अवघड, कारण कमी उजेडात आपल्या डोळ्यांना लाल काळपट दिसतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. काही लोकांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. हे बहुतेक वेळा जन्मजात असतं आणि बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतं. त्यातल्या काहींना लाल रंग चक्क काळपट दिसतो. त्यामुळे काळ्या पाकिटावर लाल अक्षरं आकड्यात पास झाली तरी मी ती टाळायलाच सांगते.

माझ्या बॅचमधल्या एक ताई घरगुती लोणचं विकतात. तिखटाला लाल झाकण, कमी तिखटाला हिरवं, बाकी लेबल सारखंच. त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने आजारी आईसाठी कमी तिखट म्हणून नेलेली बरणी तिखटाची निघाली. काकांना झाकणांचे रंग वेगळे दिसतच नव्हते, आणि हे त्यांनी इतकी वर्षं कुणाला सांगितलंही नव्हतं. ताईंनी नवीन झाकणं घेतली नाहीत. लेबलवर काळ्या ठळक अक्षरात "तिखट" आणि "कमी तिखट" लिहिलं, एकावर तीन मिरच्या काढल्या, दुसऱ्यावर एक. पुढच्या छपाईत जास्तीचा खर्च शून्य.

खाद्यपदार्थांच्या पाकिटावरचं चिन्ह आठवा. पूर्वी शाकाहारीला हिरवा गोल आणि मांसाहारीला तपकिरी गोल होता. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत मांसाहारीसाठी तपकिरी त्रिकोण आला. रंग नाही कळला तरी आकार कळतो. (आणि हो, नियमात रंग तपकिरी आहे. लाल छापू नका.) हेच तुमच्या स्टॉकच्या एक्सेल शीटलाही लागू. माल संपला की रकाना लाल करता ना? त्यात "संपला" असा शब्दही लिहा. काउंटरवरचा मुलगा चुकतोय म्हणून ओरडण्याआधी त्याला रंग दिसतोय का, हे एकदा विचारा.

"मॅडम, गिऱ्हाईक एवढा विचार करत नाही," असं मला हमखास ऐकवलं जातं. बरोबर आहे. किंमत वाचता आली नाही तर तो तक्रार करत बसत नाही, शेजारच्या दुकानात जातो.

छापायला देण्याआधी डिझाइनचा फोटो मोबाइलमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. त्यात जे हरवलं, ते फक्त रंगावर उभं होतं. आणि फ्लेक्सवाल्याकडून छोटा तुकडा छापून घ्या, कारण स्क्रीनवरचा झळझळीत लाल छपाईत तसाच उतरत नाही. तिथे लाल हा मॅजेंटा आणि पिवळी शाई मिळून बनतो, आणि उन्हात याच दोन शाया आधी उडतात. जुने फ्लेक्स निळसर पडलेले दिसतात ते त्यामुळेच. म्हणून फोन नंबर काळ्यातच टाका.