केबल नव्वदची, पण टोकाचं काय?

शिरूर तालुक्यात रांजणगावची एमआयडीसी, दौंडला कुरकुंभची. दोन्हीकडे नवी शेड उभी राहिली की ट्रान्सफॉर्मरपासून मेन पॅनेलपर्यंत जाडजूड अ‍ॅल्युमिनियमची केबल पडते. कोणत्या मापाची घ्यायची, ते बहुतेक वेळा कॅटलॉगचं एक पान ठरवतं. माझं म्हणणं एवढंच की ते पान अर्धीच गोष्ट सांगतं.

एक्सएलपीई केबल 90 अंशांची, पीव्हीसी 70 ची. कबूल. पण हे आकडे इन्सुलेशनचे आहेत. केबल काही हवेत संपत नाही, ती ब्रेकरच्या टर्मिनलला जाऊन भिडते. आणि तिथला हिशोब वेगळा.

400 अँपिअरचा ब्रेकर घ्या. साडेतीन कोअर, 240 चौरस मिमी अ‍ॅल्युमिनियम एक्सएलपीई केबलचा हवेतला आकडा 400 च्या आसपास असतो. जमलं की! पण आयईसी 60947-1 प्रमाणे (आपल्याकडेही हेच मानक घेतलंय) या ब्रेकरची तापमानाची चाचणी होते ती 240 च्याच, पण तांब्याच्या तारेवर. अ‍ॅल्युमिनियमची 240 म्हणजे विजेच्या हिशोबात जेमतेम 150 चं तांबं. चाचणीत ती जाड तार टर्मिनलची उष्णता ओढून नेते. आपण जोडतो ती मात्र स्वतःच 90 अंशांना तापलेली. ती काय ओढणार, कप्पाळ? चाचणीतल्यापेक्षा बरीच बारीक तार लावायची तर ब्रेकरवाल्या कंपनीला विचारा, असं ते मानकच सांगतं. विचारतो कोण?

अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने हे सरळ नियमात घातलंय. कलम 110.14(सी): 100 अँपिअरच्या वर, उपकरणावर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर केबलचा आकडा 75 अंशांच्या रकान्यातून घ्यायचा. केबल 90 ची असली तरी.

रांजणगावात पॅनेलची कामं घेणाऱ्या मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, "अरे, एक साइझ वर गेलो की माझं टेंडर गेलं." खरंय त्याचं. म्हणून हा त्याच्यावर सोडायचा विषयच नाही. कारखान्याच्या सल्लागाराने टेंडरमध्येच टर्मिनलचं तापमान लिहावं, म्हणजे सगळे एकाच मापाने बोली लावतील.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. कॅटलॉगचा हवेतला आकडा 40 अंशांचा. मे महिन्यात पत्र्याखालच्या पॅनेलरूममध्ये 50 झाले तर एक्सएलपीईला 0.9 ने गुणायचं, म्हणजे 400 चे 360 उरले.

आणि अ‍ॅल्युमिनियम हा धातू जरा नखरेलच. हवा लागली की ऑक्साइडचा थर धरतो, तांब्यापेक्षा जास्त फुगतो, दाबाखाली हळूहळू सरकतो. तापणं-निवणं चालू राहिलं की बोल्ट सैल, सैल झाला की विरोध वाढतो, की आणखी तापतं. तांब्याच्या बसबारला बायमेटॅलिक लग, योग्य डायने क्रिंपिंग, टॉर्क रेंचने आवळणं, या गोष्टी केबलच्या खर्चापुढे किरकोळ. तरी काटकसर नेमकी तिथेच होते. (पान्याने "हाताला कळतं" म्हणून आवळणारे महाभाग पाहिलेत मी.)

निदान पूर्ण लोडवर, भर दुपारी इन्फ्रारेड कॅमेरा फिरवा. रविवारी कारखाना बंद असताना काढलेले फोटो फायलीत छान दिसतात, बाकी त्यांचा उपयोग शून्य.